बटलरचं छप्पर आणि वडिलांची रायफल

(दृश्य : बटलरचं मैदान, उंचावरून. कडेला पांढऱ्या, बैठ्या इमारतींची रांग.)

पेनसिल्व्हेनिया राज्यातलं बटलर. पिट्सबर्गच्या उत्तरेला, गाडीने तासाभराच्या आत. या मैदानात एरवी जनावरांची आणि शेतमालाची प्रदर्शनं भरतात. 13 जुलै 2024 ला, शनिवारी, इथे डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारसभा होती.

संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर ट्रम्प बोलायला उभे राहिले. 6 वाजून 11 मिनिटांनी गोळ्या सुटल्या. एकूण आठ. मोठ्या पडद्यावर स्थलांतरितांच्या आकड्यांचा तक्ता लावला होता आणि तो दाखवण्यासाठी ट्रम्प यांनी नेमकी मान वळवली होती. उजव्या कानावर निभावलं. मागच्या बाकांवर बसलेला एक माणूस, पूर्वी अग्निशमन दलाचा प्रमुख असलेला, बायको-मुलींना वाचवायला आडवा झाला आणि गेला. आणखी दोघं गंभीर जखमी झाले. राष्ट्राध्यक्षांची आणि माजी राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या नेमबाजाने छपरावरच्या हल्लेखोराला टिपलं. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत.

हल्लेखोर 20 वर्षांचा होता. तो ज्या छपरावर पालथा पडला होता, तिथून मंच सुमारे 400 फुटांवर. क्रिकेटच्या मोठ्या मैदानाच्या एका सीमारेषेपासून समोरच्या सीमारेषेपर्यंत जेवढं अंतर असतं, त्याहूनही थोडं कमीच.

बंदोबस्त कुठे कुठे फाटला, ते आता मिनिटामिनिटाने माहीत आहे.

दुपारी चारच्या जरा आधी या मुलाने मैदानाजवळ ड्रोन उडवला. दहा-अकरा मिनिटं तो हवेत होता. ड्रोन ओळखणारी यंत्रणा तोवर सुरू असायला हवी होती. ती पाच वाजून गेल्यावर सुरू झाली. सिनेटच्या समितीच्या अहवालातला इथला तपशील वाचून हसावं की रडावं कळत नाही. यंत्रणा चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला या कामाचा अनुभव तीन महिन्यांचा. ती चालेना, तेव्हा त्याने कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन लावला. माजी राष्ट्राध्यक्षांची सभा तोंडावर आलेली आणि हा कस्टमर केअरशी बोलतोय.

पाच वाजल्यानंतर स्थानिक पोलिसांच्या नेमबाजांना हा मुलगा, ते छप्पर ज्यांचं त्या एजीआर कंपनीच्या इमारतींपाशी घुटमळताना दिसला. पुढे त्याच्या हातात अंतर मोजायचं रेंजफाइंडरही दिसलं. त्यांनी फोटो काढले, 5 वाजून 38 मिनिटांनी मोबाइलच्या ग्रुपवर टाकले. पण सीक्रेट सर्व्हिसचा नियंत्रण कक्ष एकीकडे, स्थानिक पोलिसांचा दुसरीकडे. वायरलेसच्या वाहिन्याही वेगळ्या. तोंडी निरोप, फोन, मेसेज असा हा कारभार चाललेला. एक संशयित फिरतोय, साहेबांना जरा थांबवा, एवढा साधा निरोप ट्रम्प यांच्या अंगरक्षकांपर्यंत गेला नाही.

(दृश्य : सभेला आलेल्या लोकांनी मोबाइलवर घेतलेली चित्रफीत. आवाज चालू ठेवावा.)

मग कुंपणाबाहेरची माणसं छपराकडे बोटं दाखवून ओरडू लागली. एका पोलिसाला सहकाऱ्याने खालून वर चढवलं. दोन्ही हातांनी छपराची कड धरून त्याने डोकं वर काढलं, तर रायफलची नळी त्याच्याच तोंडावर रोखलेली. हात मोकळा नाही, स्वतःचं पिस्तूल काढणार कसं? तो खाली पडला. वायरलेसवर त्याने सांगितलंही, पण स्थानिक पोलिसांच्या वाहिनीवर. त्यानंतर काही सेकंदांतच पहिली गोळी सुटली.

या छपरावरून मंच सरळ दिसतो, हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं असं नाही. शेतीची मोठी यंत्रं आडवी लावून नजर रोखायची, असं बोलणं झालं होतं. प्रत्यक्षात नजर मोकळीच राहिली. आणि इमारत कुंपणाच्या बाहेर, म्हणजे ती स्थानिक पोलिसांची, असं सीक्रेट सर्व्हिसने धरलं. स्थानिक पोलिसांनी तसं धरलं नव्हतं.

सीक्रेट सर्व्हिसच्या प्रमुख किंबर्ली चीटल यांनी तीन दिवसांनी मुलाखतीत जे कारण दिलं, त्याने तर आगीत तेल ओतलं. छप्पर उतरतं होतं, म्हणून तिथे माणूस ठेवला नाही, असा त्यांचा एकूण रोख. त्यांचेच नेमबाज त्या दिवशी याहून जास्त उताराच्या छपरावर होते. 22 जुलैला संसदेच्या समितीपुढे दोन्ही पक्षांनी त्यांना धारेवर धरलं, 23 तारखेला राजीनामा आला. त्यांच्या जागी आलेले रोनाल्ड रो स्वतः बटलरला जाऊन त्या छपरावर पालथे पडून आले आणि सिनेटर्ससमोर म्हणाले की आपल्याला शरम वाटली, हे छप्पर मोकळं कसं राहिलं याचं समर्थन आपण करू शकत नाही. सरकारी अधिकाऱ्याने असं सरळ बोलणं तिथेही दुर्मीळच.

डिसेंबर 2024 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या विशेष समितीचा अहवाल आला. अध्यक्ष होते माइक केली, बटलरचेच प्रतिनिधी आणि त्या सभेला पुढच्या रांगेत हजर असलेले. हा हल्ला टाळता आला असता, असं समितीतल्या रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट सदस्यांनी एकमुखाने म्हटलं. आजच्या अमेरिकेत दोन पक्षांचं एकमत ही बातमीच.

पण हे एकमत झालं छपरावर. वायरलेसवर, ड्रोनवर, नियंत्रण कक्षांवर. समितीला नेमून दिलेलं काम तेवढंच होतं. छपरावरच्या माणसाच्या हातात जे होतं, त्याचं काय?

ती एआर-15 पद्धतीची रायफल होती, म्हणजे दर वेळी खटका दाबला की पुढची गोळी आपोआप भरली जाणारी. वडिलांनी 2013 मध्ये रीतसर विकत घेतलेली. ऑक्टोबर 2023 मध्ये तीच त्यांनी मुलाला दिली, तीही कायद्याला धरून. पेनसिल्व्हेनियात रायफल घ्यायला 18 वर्षं पूर्ण असली की पुरे. दुकानातून घेतली तर विकत घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासतात. दोन माणसांनी आपापसात व्यवहार केला, तर रायफलीसाठी ती तपासणीही लागत नाही. हल्ल्याच्या आदल्या दिवशी तो नेमबाजीच्या क्लबात सराव करून आला. सभेच्या दिवशी दुकानातून 50 काडतुसं घेतली. रायफल मिळवण्यात, बाळगण्यात, काडतुसं घेण्यात बेकायदा असं काहीच नव्हतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे उमगायला थोडा वेळ लागतो. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक हातात धरता येत नाही आणि निवडणूक जाहीर झाली की बऱ्याच परवानाधारकांनाही पोलीस ठाण्यात शस्त्रं जमा करायला लावतात. आपल्या निवडणुका त्यामुळे सोवळ्या होतात अशातला भाग नाही, गावठी कट्टा कुणी जमा करायला जात नाही. पण रायफल घेतलेला माणूस सभेच्या आसपास दिसला तर इथल्या हवालदाराला कायद्याचं पुस्तक उघडावं लागत नाही. पेनसिल्व्हेनियात, निदान फिलाडेल्फिया शहराबाहेर, उघडपणे बंदूक घेऊन फिरायला परवाना लागत नाही. म्हणजे कुंपणाच्या आत बंदूक गुन्हा, कुंपणाबाहेर हक्क. मग सगळा भार येतो तो कुंपण कुठे घातलं, यावर.

बटलरनंतर दोनच दिवसांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं. बाहेरच्या सुरक्षा पट्ट्यात काय न्यायचं नाही, याची यादी शहराने काढली होती. त्यात टेनिसचा चेंडू होता. बंदूक नव्हती, कारण राज्याचा कायदा शहराला तसं करू देत नाही.

(दृश्य : कृष्णधवल चित्रं. डॅलस, 1963. नंतर वॉशिंग्टन, 1981.)

बटलरच्या हल्लेखोराने हल्ल्याच्या आठवडाभर आधी इंटरनेटवर शोधलं होतं की राष्ट्राध्यक्ष केनेडींपासून त्यांचा मारेकरी ओस्वाल्ड किती अंतरावर होता. त्या ओस्वाल्डची रायफल टपालाने आली होती. मासिकातली जाहिरात पाहून, खोट्या नावाने, शिकागोच्या दुकानातून, वीस-एकवीस डॉलरला. त्यावर कायदा व्हायला पाच वर्षं गेली आणि मार्टिन ल्यूथर किंग, रॉबर्ट केनेडी असे आणखी दोन बळी. 1968 च्या कायद्याने टपालाने बंदूक मागवणं बंद केलं.

30 मार्च 1981 ला वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलबाहेर रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हल्लेखोर दोरीपलीकडच्या बघ्यांमध्ये उभा होता आणि त्या बघ्यांची कुणी झडती घेतली नव्हती. तेव्हापासून राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमांना धातुशोधक दारं आली. बंदोबस्ताचा धडा लगेच गिरवला गेला. बंदुकीच्या धड्याला बारा वर्षं लागली. डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झालेले रेगन यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी आणि त्यांच्या पत्नी सारा यांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले, तेव्हा 1993 मध्ये ब्रेडी कायदा झाला आणि दुकानातल्या खरेदीआधीची तपासणी देशभर लागू झाली. या कायद्याला स्वतः रेगन यांनी 1991 मध्ये उघड पाठिंबा दिला होता. पक्ष तोच, रिपब्लिकन.

हा रस्ता पुढे बंद झाला. 2011 मध्ये खासदार गॅबी गिफर्ड्स डोक्यात गोळी लागूनही वाचल्या. त्यांनी चळवळ उभारली. 2013 मध्ये तपासणी वाढवणारं विधेयक आलं, ते मांडणाऱ्या दोघांपैकी एक पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन सिनेटर पॅट टूमी. 60 मतं हवी होती, 54 मिळाली. आणि खरं सांगायचं तर ते संमत झालं असतं, तरी बापाने मुलाला दिलेली बंदूक त्यातून वगळलेलीच होती. 2017 मध्ये बेसबॉलच्या सरावात रिपब्लिकन खासदार स्टीव्ह स्कलीस यांना गोळी लागली, ते मरता मरता वाचले. बंदुकीबद्दलचं त्यांचं मत मात्र बदललं नाही. सोबत बंदूकधारी पोलीस होते म्हणून आपण जगलो, असं ते सांगतात. त्या दिवसापुरतं ते खरंही आहे.

बटलरनंतर तीन दिवसांनी जो बायडन यांनी एआर-15 वर बंदी घाला म्हणून पुन्हा आवाहन केलं. ते हवेत विरलं. ज्यांच्या कानाला ती गोळी चाटून गेली, त्यांनी पाचच महिने आधी याच राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गमध्ये, बंदूकमालकांना शब्द दिला होता की तुमच्या शस्त्रांना कुणी हात लावणार नाही. हा शब्द फिरवण्याचं कारण त्यांना बटलरमध्ये दिसलं नाही.

सप्टेंबरात फ्लोरिडात ट्रम्प यांच्या गोल्फच्या मैदानाच्या कडेला झुडपात आणखी एक रायफलधारी सापडला. एका एजंटला फांद्यांतून नळी दिसली म्हणून पुढचं टळलं. हा माणूस आधीच गुन्हेगार ठरलेला, त्याला बंदूक बाळगायची कायद्याने मनाई, रायफलीवरचा नंबर खरवडलेला. कायद्याने काय होतं, असं विचारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. हा प्रश्न अगदीच पोकळ नाही, पण बटलरच्या रायफलीला तो लागू पडत नाही. तिला कुठल्याच कायद्याने अडवलं नव्हतं.

पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला, बंदुकीच्या हक्कावर गदा आणणारे आधीच्या सरकारचे नियम तपासून पाहण्याचा. त्याच वर्षी बटलरप्रकरणी सीक्रेट सर्व्हिसच्या सहा जणांचं 10 ते 42 दिवसांचं बिनपगारी निलंबन जाहीर झालं.

10 सप्टेंबर 2025 ला युटामधल्या एका विद्यापीठाच्या आवारात ट्रम्प यांचे समर्थक, तरुण नेते चार्ली कर्क विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. प्रश्न चालू होता सामूहिक गोळीबारांवर. सव्वाशे-एक मीटरवरच्या छपरावरून एक गोळी आली आणि ते ठार झाले. बंदोबस्ताला विद्यापीठाचे सहा पोलीस आणि कर्क यांचे स्वतःचे रक्षक होते. छपरावर कुणी नव्हतं. पोलिसांना जवळच्या झाडीत जी रायफल मिळाली, ती दर गोळीआधी हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागणारी, जुन्या बनावटीची शिकारीची रायफल. अशा रायफलीवर बंदी घाला, असं अमेरिकेतला कुठलाच मोठा पक्ष आजवर म्हणालेला नाही.