बेचाळीस दिवस
(माहितीपटाचे निवेदन)

(चाळीचा जिना. दाराबाहेर चपलांचा ढीग.)

कुर्ल्यातल्या या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. दिवसा इथं बालवाडी भरते. संध्याकाळी साडेसात वाजले की त्याच सतरंजीवर दहावीची मुलं येऊन बसतात. सगळ्यांचा एकच विषय राहिलाय, गणित.

(गुणपत्रिकेवरून फिरणारं बोट.)

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला, ९४.१० टक्के. पेढे वाटले गेले, पेपरात फोटो छापून आले. जी मुलं त्या फोटोंत नव्हती, ती राज्यभरात नव्वद हजारांच्या आसपास होती. त्यांच्या पुरवणी परीक्षेचा पहिला पेपर २४ जूनला होता. हातात बेचाळीस दिवस.

पूर्वी फेरपरीक्षा ऑक्टोबरात व्हायची. तोवर अकरावीचा निम्मा अभ्यासक्रम संपलेला असायचा आणि मुलाचं वर्ष गेलेलं असायचं. २०१५ पासून पुरवणी परीक्षा निकालामागोमाग, जून-जुलैत होऊ लागली. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत प्रवेशही मिळतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात गेलं तर पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण सोबत नेता येतात, आणि पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. सोय झाली, आणि ती चांगली झाली. पण विषय राहतो तेव्हा शाळेला मे महिन्याची सुट्टी लागलेली असते. शिकवायला कुणीच नसतं. म्हणून ही खोली, आणि हे फोन.

(सतरंजीवर ओळीनं ठेवलेले फोन. एकाची काच तडकलेली.)

हे फोन मुलांचे नाहीत. घरात एकच फोन, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. ते घरी आले की फोन इथं येतो. वर्गाची वेळ साडेसातची आहे ती त्यामुळे. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर धडा उघडतो. पैसे पडत नाहीत.

पहिल्या वर्षी इथं फक्त धडे आणि चाचण्या दिल्या होत्या. चार दिवसांत सगळ्यांच्या सगळ्या चाचण्या पूर्ण, उत्तरंही बरोबर. एकानं सोडवायचं आणि बाकीच्यांनी बोटं लावायची, असं चाललेलं. वह्या मात्र कोऱ्या होत्या.

(भिंतीवरचा तक्ता. हातानं आखलेल्या रेघा.)

आता पहिले तीन दिवस फोन उघडतच नाहीत. इथं शिकवणाऱ्या ताई प्रत्येकाला सहावीपासूनची बारीक बारीक गणितं घालतात. अपूर्णांक, ऋण संख्या, अवयव. वर्गसमीकरणात अडकलेला मुलगा बहुतेक वेळा वर्गसमीकरणात अडकलेला नसतोच. त्याची गाठ आठवीच्या अवयवांत बसलेली असते. ती या तक्त्यावर नोंदली जाते आणि प्रत्येकाला तेवढेच धडे मिळतात. बाजूच्या मुलाचे वेगळे, याचे वेगळे. माझ्या मते या खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू हा तक्ता आहे.

एक धडा दहा मिनिटांचा. संपला की फोन पालथा ठेवायचा आणि तेच गणित वहीत, न बघता, पुन्हा सोडवायचं. फोननं दिलेली हिरवी खूण इथं धरत नाहीत. वहीतली पायरी धरतात.

(जवळून : वही, पेन्सिल, ताईंचा हात. मूळ आवाज.)

«ताई, ऋण सात अधिक तीन म्हणजे ऋण दहा ना?»
«वाण्याकडे सात रुपयांची उधारी आहे. तीन दिलेस. किती राहिले?»
«चार.»
«राहिले कुणाचे?»
«वाण्याचे. म्हणजे... ऋण चार.»

(निवेदन नाही. मुलाचा चेहरा, दहा सेकंद.)

समोर शिक्षक बरा की ऑनलाइन धडा, हे अमेरिकेत शिकागोच्या सतरा शाळांमध्ये तपासून पाहिलं गेलं. नववीत बीजगणित राहिलेल्या १,२२४ मुलांपैकी काहींना उन्हाळ्यात वर्गात बसवलं, काहींना ऑनलाइन. वर्गातली ७६ टक्के पास झाली, ऑनलाइनची ६६. धडा कितीही चांगला असला तरी मूल कुठं थबकलंय, हे शेजारी बसलेल्या माणसाला आधी कळतं. म्हणूनच ताई फोन हातात घेऊन शिकवत नाहीत, त्या मुलांच्या मधे बसतात.

(बांगडी ठेवून वर्तुळ काढणारी मुलगी.)

हिच्याकडे कंपास नव्हता. आईच्या बांगडीनं वर्तुळ काढलं, पण मध्य सापडेना. मग दोन जीवा काढल्या, त्यांचे लंबदुभाजक काढले. मिळाला मध्य. भूमितीचा हा धडा तिनं फोनवर दोनदा पाहिला होता. समजला तो बांगडीवर.

(रविवार सकाळ. भिंतीवरचं घड्याळ.)

रविवारी मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. ४० गुण, दोन तास. पहिल्या रविवारी निम्म्यांनी तासाभरातच पेन खाली ठेवलं. या रविवारी घंटेनंतरही कुणी उठत नाही. जो आला नाही, त्याच्या आईला ताई दुपारीच फोन करतात. «आज का नाही आला?» एवढंच विचारतात. तो संध्याकाळी येतो.

(परीक्षा केंद्राचं फाटक, बाहेरून.)

आत कॅमेरा नेता येत नाही. जुलैअखेर निकाल लागला. काहींचं गणित सुटलं, ती अकरावीला गेली. काहींचं राहिलं.

(पुन्हा तीच खोली. साडेसात.)

तक्त्यावरची जुनी नावं पुसली आहेत. तीन नावं ताईंनी तशीच ठेवली आहेत. त्यांच्यापुढे आज लिहिलंय, महत्त्वमापन, धडा पहिला. फोन अजून यायचेत.