ठोका चुकतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत धडधडतं, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि झोप उडते. बहुतेक वेळा एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. त्यानंतर हृदय किंचित जास्त थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवतो तो हाच. असे अधूनमधून पडणारे ठोके निरोगी हृदयातही असतात.

खरा त्रास पुढे सुरू होतो. घाबरलं की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि भीती दुणावते. म्हणून अशा वेळी मोठमोठे श्वास घेऊ नका, त्याने मुंग्या वाढतात. खांदे न उचलता नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. पाच मिनिटं तरी. पहिल्या मिनिटात फरक वाटत नाही आणि नेमकं तिथेच लोक सोडून देतात, तेवढं करू नका.

नाडी एकदाच पाहा. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. लय नियमित आहे का, धडधड हळूहळू चढली की बटण दाबल्यासारखी सुरू झाली, थांबली कशी, हे लिहून ठेवा. अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी, मिनिटाला 150 च्या वरची धडधड नुसती भीती म्हणून सोडून देऊ नये. साधा ईसीजी साधारण 10 सेकंदांचीच नोंद घेतो, त्यामुळे धडधड नसताना काढलेला ईसीजी चांगला आला तरी प्रश्न मिटत नाही. 24 ते 48 तासांच्या होल्टरबद्दल, म्हणजे अंगावर लावून सलग ईसीजी नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राबद्दल, डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासून घ्या. मात्र एकदा तपासण्या चांगल्या आल्या की दर दहा मिनिटांनी मनगट चाचपणं बंद करा. त्या चाचपण्यानेच धडधड जागी राहते.

धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर थांबू नका, तातडीने रुग्णालय गाठा. व्यायाम करताना धडधड होत असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर लवकर दाखवा.

आणि दुसऱ्याची धडधडीची गोळी घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांनी दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आकसतात. स्वतःची चालू असेल, तर ती मनाने एकदम बंद करू नका.