पिवळी पात कोणती?

(दृश्य : पुण्यातल्या एका बंगल्यापुढची हिरवळ. माळीकाका उकिडवे बसून बोटांनी गवत फाकवत आहेत.)

जून सरत आलाय. चार सरी पडून गेल्या, तरी हिरवळ पिवळटच आहे. घरमालकांनी युरियाची पिशवी आणून ठेवलीय, पण काका तिला हात लावत नाहीत. आधी ते बुडाची पात बघतात, मग शेंड्याची.

बुडाची जुनी पात पिवळी आणि शेंडा हिरवा असेल, तर नत्र कमी पडलंय. तुटवडा झाला की गवत जुन्या पातीतलं नत्र काढून नव्या फुटीला देतं. कोवळी पातच पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर दुखणं बहुधा लोहाचं. लोह एकदा पातीत गेलं की तिथून फारसं हलत नाही.

(दृश्य : काकांच्या तळहातावर दोन पाती. कोवळीवर पिवळ्या-हिरव्या उभ्या रेघा.)

इथे शेंडेच पिवळे आहेत. खाली चुनखडीची काळी जमीन आणि वरून बोअरचं जड पाणी. मातीत लोह असूनही अशा जमिनीत ते मुळांच्या हाती लागत नाही. युरिया टाकला असता तर गवत वाढलं असतं, पण पिवळं ते पिवळंच.

काका लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार (फेरस सल्फेट), विरघळवतात आणि उन्हं कलल्यावर फवारतात. बाजूच्या फरशीवर आधी प्लास्टिक अंथरलंय, कारण हिराकसाचा तांबूस डाग निघता निघत नाही.

मग हिरवळीला नत्र लागतच नाही का? लागतं. ही हरळी आहे; गणपतीला वाहतो त्या दूर्वा हिच्याच. शेतात हीच हरळी उपटून माणूस थकतो, तिला कुणी मुद्दाम खत घालत नाही. पण अंगणात आपण तिला सारखी कापतो आणि कापलेलं गवत पोत्यात भरून फेकून देतो. त्याबरोबर नत्रही फाटकाबाहेर जातं. कापणी वेळच्या वेळी होत असेल, तर बारीक कातरण तिथेच पडू द्यावं. खताचा खर्च तेवढाच कमी.

(दृश्य : घमेल्यात कोरडी वाळू, वर पांढरे दाणे.)

युरियात 46 टक्के नत्र असतं. 500 चौरस फुटांना एका वेळी अर्धा किलो म्हणजे अगदी वरची मर्यादा. काका पाव किलोच घेतात आणि पुढचा हप्ता महिन्याने देतात. युरिया कोरड्या वाळूत मिसळून निम्मा उभा फोकायचा, निम्मा आडवा. हे टाळलं की हिरवळीवर गडद-फिकट पट्टे उमटतात. असे पट्टे पुण्यात बंगल्याबंगल्यांसमोर दिसतात.

जमीन वाफशावर हवी, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, आणि पात कोरडी. ओल्या पातीला दाणा चिकटला की ती जळते. फोकून झालं की लगेच झारीने पाणी. दाणे वरच राहिले, तर नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातं, आणि चुनखडीच्या जमिनीत जास्तच. मुसळधार पावसाच्या तोंडावरही खत देऊ नये, ते वाहून जातं. कोकणात तर हप्ते आणखी लहान ठेवावेत.

आता शेणखत. ते जरूर द्यावं, पण पुरतं कुजलेलं आणि चाळलेलं. कच्च्या खताबरोबर तणाचं बी येतं, आणि कुठूनतरी आणलेल्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी. लव्हाळा लांबून गवतासारखाच दिसतो. दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात. एकदा शिरला की वर्षानुवर्षं जात नाही.

डिसेंबर-जानेवारीत हरळीची वाढ मंदावते, रंगही उतरतो. तेव्हा पाणी बेताचं द्यायचं आणि खत बंद. पुढचा हप्ता फेब्रुवारीअखेरीस, रात्रीचा गारठा ओसरल्यावर.