ब्रिजिडच्या नावाचा क्रूस

श्रोतेहो, नमस्कार. आयर्लंडमध्ये वसंत 1 फेब्रुवारीला सुरू होतो, हे सांगितलं की तिथे राहणारे आपले मराठी लोक खिडकीबाहेरचा पाऊस आणि चार-पाच अंश तापमान दाखवून हसतात. पण जुन्या केल्टिक, म्हणजे आयर्लंडमधल्या प्राचीन लोकांच्या, वर्षाचे चार सांधे, म्हणजे चार सण, ठरलेले आहेत: नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी साविन, फेब्रुवारीच्या इम्बॉल्क, मेच्या बेल्टन आणि ऑगस्टच्या लूनसा. इम्बॉल्क हा मेंढ्यांना दूध उतरण्याचा काळ. आयर्लंडच्या संत ब्रिजिडचा दिवसही तोच. त्याच नावाची एक देवी ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून होती. संत कुठे संपते आणि देवी कुठे सुरू होते, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. सण करणाऱ्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

2023पासून या सणाची सरकारी सुट्टी असते, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. 1 तारीख शुक्रवारी आली तर मात्र त्याच शुक्रवारी. 2030मध्ये तसं होईल. बाईच्या नावाची ही त्या देशातली पहिलीच सार्वजनिक सुट्टी. तरी घरातला सण सुट्टीला बांधलेला नाही. केल्टिक दिवस मावळतीला सुरू होतो, म्हणून खरी लगबग 31 जानेवारीच्या संध्याकाळी असते आणि तिच्या मध्यभागी असतो रश गवताचा क्रूस.

रश म्हणजे पाणथळ कुरणात वाढणारं, लव्हाळ्यासारखं दिसणारं गवत. काडी गोल, गुळगुळीत, आत पांढरा मऊ गर. शेतकऱ्याला ते तण वाटतं, त्यामुळे विचारलंत तर सहसा नाही म्हणत नाही. पण विचारा! रिवाज असा की रश कापायचं नाही, उपटायचं. बुडाशी धरून सरळ वर ओढलं की काडी अलगद सुटून येते. शेंड्याकडचा तपकिरी, वाळका भाग काढून 30 सेंटिमीटरच्या काड्या करा आणि विणेपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दोन-तीन दिवस उघड्यावर राहिलेली काडी दुमडताना तडकते.

एका क्रूसाला एक सरळ काडी आणि दुमडायला 28 लागतात. सभागृहात तीस माणसं विणणार असतील तर मोडतोड धरून हजार काड्या आणा. कमी पडल्या तर अंधारात कुरणात जावं लागतं.

आता विणायचं कसं? सरळ काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्या मध्यावर अशी अडकवा, की दोन्ही मोकळी टोकं उजवीकडे येतील. मध्य चिमटीत पक्का धरा आणि सगळं घड्याळाच्या उलट दिशेनं पाव वळण फिरवा. उजवीकडची टोकं आता वर आली. पुढची काडी दुमडून, वर आलेल्या सगळ्या काड्यांना कवेत घेत, पुन्हा उजवीकडे न्या. परत पाव वळण, परत नवी काडी. चार काड्यांची एक फेरी. सात फेऱ्यांत मधे चौकोनी वीण उठून दिसते आणि चार हात जरासे बाजूला सरकलेले दिसतात. आपल्याला स्वस्तिक आठवतं, पण त्यावरून नातं जोडायची घाई नको. या क्रूसाच्या लेखी नोंदी सतराव्या शतकापासूनच्या आहेत.

बिघडतं ते ठरलेल्या दोन ठिकाणी. एखादं वळण चुकून घड्याळाच्या दिशेनं गेलं तर टोकं खाली जातात, नव्या काडीला कवेत घ्यायला काही उरत नाही आणि ती ओघळते. दुसरं म्हणजे चिमटी सैल होणं. प्रत्येक नवी काडी मध्याकडे दाबून बसवली नाही तर मधे भोकं पडतात, आणि ती नंतर ओढून बुजत नाहीत. तिथपर्यंत उसवावंच लागतं. शाळांत कागदी नळ्यांचे क्रूस करतात. वळणं शिकायला ते ठीक, पण ओल्या गवताची पकड त्यांना येत नाही.

शेवटी चारही हात बांधून टोकं कापतात. इथे दोऱ्याची गाठ लगेच मारू नका. रश वाळताना आक्रसतं आणि दोन आठवड्यांत गाठ ढिली पडते. आधी रबर लावा, काडी हिरव्याची पिवळसर झाली की मग दोरा. हीटरवर वाळवलात तर हात वाकडे होतात. क्रूस दारावर किंवा आढ्याला लावतात. आगीपासून घर वाचतं, ही जुनी समजूत.

किल्डेअर गावात ब्रिजिडच्या मठाची ज्योत 1993मध्ये पुन्हा पेटवली गेली. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या लेखकानं लिहून ठेवलंय, की एकोणीस जोगिणी पाळीपाळीनं ती राखत आणि विसाव्या रात्री ती ब्रिजिडवर सोपवत. 1 फेब्रुवारीच्या सुमारास तिथे गर्दी असते, त्यामुळे डब्लिनच्या मराठी मंडळींनी गाडीपेक्षा रेल्वेनं जावं.

आणि निघण्याआधी, 31च्या रात्री, एक सुती फडकं बाहेर झुडपावर टाका. ब्रिजिड जाताना त्याला हात लावते, ते डोकेदुखीवर गुणकारी, अशी श्रद्धा. फडक्याला गाठ मात्र मारा. तिथल्या वाऱ्यात नुसतं टाकलेलं फडकं सकाळी शेजाऱ्याच्या अंगणात सापडतं.