पंख्याआधी फट

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे सभासद, आणि छत्र्या मिटवत आत्ताच आत आलेली मंडळी. पत्रिकेत ‘सीमा’ हा शब्द दिसला नाही म्हणून दोघेतिघे दारातूनच परतले, असं कळलं. त्यांचंही बरोबर आहे. 1956 पासून बेळगावात मराठी व्याख्यान म्हटलं की विषय ठरलेला. आज मात्र न्हाणीघराचा एक्झॉस्ट फॅन. (हशा) हसा, खरं घरी गेल्यावर न्हाणीच्या छताकडे एकदा मान वर करून बघा. काळी बुरशी दिसेल. जांबोटी-कणकुंबीकडनं आलेल्यांना तर हे सांगायलाच नको, तिथं श्रावणात चपलांनासुद्धा मिशा फुटतात.

आपल्या जुन्या घरांत न्हाणी मागच्या दारी असायची. तांब्याचा बंब, शेजारी लाकडं, वर कौलं. वाफ कौलांतून आपसूक जायची आणि दाराची खालची फळी कुजून वीतभर उडालेली असायची, तिथनं गार वारा यायचा. थंडीत पोटऱ्यांवर काटा यायचा, तो आठवतोय ना? मग स्लॅब आला, छतापर्यंत टाइल्स आल्या, न्हाणी झोपायच्या खोलीला येऊन चिकटली. एकेक फट आपण पैसे देऊन बुजवली आणि मग पैसे देऊनच पंखा आणला.

माझंच सांगतो. टिळकवाडीतल्या घरी नवा पंखा घ्यायचा ठरला. वायरमन म्हणाला, “अण्णा, दहा इंची घालूया की, भुरकन ओढतंय.” घातला. व्हेंटिलेटरच्या वरच्या काचपट्ट्या काढून तिथं पंखा, खालच्या पट्ट्या तशाच उघड्या. बटण दाबलं की गिरणी सुरू झाल्यागत आवाज. आरसा मात्र आंघोळीनंतर पुसावाच लागायचा. आठ दिवसांनी सौभाग्यवती म्हणाल्या, “पंखा आवाजासाठी घेतलाय की वाफेसाठी?”

तेव्हा मी देवघरातली उदबत्ती घेतली आणि कमरेला पंचा लावून स्टुलावर चढलो. (हशा) बादलीपाशी उदबत्ती धरली, तर धूर निवांत सरळ वर. काचपट्ट्यांपाशी नेली, तर धूर सुसाट पंख्यात. म्हणजे बाहेरची हवा पट्ट्यांतून आत यायची, वीतभर चालायची आणि पंख्यातून पुन्हा बाहेर. न्हाणीतली वाफ हा तमाशा बघत उभी! पट्ट्या बंद केल्या, तर पंखा कण्हायला लागला. कारण दाराखाली झुरळं येऊ नयेत म्हणून मीच हौसेनं रबराची पट्टी ठोकलेली. आत यायला हवाच नाही, तर तो बाहेर काय टाकणार?

सुताराला बोलावून दार खालून एक इंच कापायला सांगितलं. तो बघतच राहिला. “सगळे दार घट्ट बसवा म्हणतात, तुम्ही एकटेच कापा म्हणताय.” कापलं. आता उदबत्तीचा धूर दाराकडून आडवा वाहत, बादलीवरून वर चढत पंख्याकडे जातो. झुरळं येतात का? येतात. (हशा)

हिशोब सोपा आहे. अडीच फुटी दाराखाली इंचभर फट म्हणजे 30 चौरस इंच. 6 इंची पंख्याचं तोंड साधारण 28 चौरस इंच, म्हणजे जोडी जमली. 10 इंची पंख्याचं तोंड 78! त्याला तेवढीच वाट द्यायची तर दार अडीच इंच कापा, म्हणजे मांजरही…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि पत्रिकेत छापलेला ‘पंखा कसा निवडावा’ हा भाग अजून सुरूच व्हायचाय. पळत सांगतो.

न्हाणीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा. 5 बाय 7, उंची 9, म्हणजे 315 घनफूट, जवळपास 9 घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर 90 घनमीटर. खोक्यावर ताशी घनमीटरचा आकडा असतो तो बघा. अशा न्हाणीला 150 मिलिमीटरचा, म्हणजे 6 इंची पंखा सहसा पुरतो. फक्त तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. लांब पाइप, वळणं आली की साधा पात्यांचा पंखा दम टाकतो, तिथं पाइपातला वेगळा पंखा घ्या. पाइपाचं तोंड घराबाहेरच काढा, फॉल्स सीलिंगच्या पोटात नको. पंखा दारासमोरच्या भिंतीत, उंचावर. आपल्याकडे पावसाचं वारं पश्चिमेचं, त्या भिंतीत असेल तर बाहेर छज्जा हवा आणि बंद केल्यावर आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या हव्यात. शिंतोडे उडत असतील तर आयपीएक्स 4, म्हणजे उडालेलं पाणी सोसणारा, असं लिहिलेला घ्या. आंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवा. 30 वॉटचा पंखा रोज अर्धा तास चालला तर महिन्याला अर्धं युनिटही होत नाही, तेव्हा बिलाच्या नावानं बटण बंद करायला धावू नका.

एक गोष्ट मात्र हळू सांगणार, अध्यक्ष रागावले तरी चालेल. गॅसचा गीझर न्हाणीत असेल तर पंखा बसवला म्हणजे सुटलो असं समजू नका. दार-खिडकी घट्ट असताना पंखा ओढायला लागला की गीझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी उलटा आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, उदबत्तीसारखा तो दिसतही नाही. गीझर न्हाणीबाहेर मोकळ्या हवेत हलवा, आत फक्त गरम पाण्याचा नळ आणा. पंख्याचं त्यानंतर बघू.

दुसरी चिठ्ठी आली. यावर नुसतं ‘चहा’ लिहिलंय.