डागावर नेमका प्रकाश

[चष्मे. बंद होणारा दरवाजा.]

ओठावरच्या डागावर लेझर चालवायचा, तर आधी चष्मे. डॉक्टरांना, मदतनिसांना आणि कॅमेरा धरणाऱ्यालाही. खुर्चीतल्या ताईंच्या डोळ्यांवर तर धातूची झाकणंच बसवली जातात. चष्म्यावर बारीक आकडे छापलेत: ५३२, १०६४. ही प्रकाशाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये. जो लेझर चालणार, त्याच आकड्याचा चष्मा हवा. ५३२चा प्रकाश हिरवा, निदान दिसतो तरी. १०६४चा दिसतच नाही आणि डोळ्याचा पडदा जाळायला तेवढाच पुरतो.

[ओठ, अगदी जवळून.]

खालच्या ओठाच्या कडेने हा तपकिरी पट्टा बघा. मध्ये गडद, तोंडाच्या कोपऱ्याकडे फिकट. हा रंग मेलॅनिनचा. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या रंगाचे कण तयार करून शेजारच्या पेशींना वाटतात. माणूस गोरा असो की काळासावळा, या पेशींची संख्या साधारण सारखीच; फरक पडतो तो त्यांच्या कामात. ऊन, सिगारेट, ओठ चाटायची सवय, लिपस्टिकची किंवा टूथपेस्टची अ‍ॅलर्जी, काही औषधं, यांपैकी कशानेही त्यांना चेव येतो. ओठ मुळातच सावळे असतील, तर मात्र तो डाग नव्हे आणि त्याला उपचारही नको.

[डर्मोस्कोप ओठाला टेकतो.]

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मशीनला हातच लावला नाही. ओठाला टेकवलेलं हे भिंग म्हणजे डर्मोस्कोप. डाग वरवरचा की खोल? कडा सरळ की वेड्यावाकड्या? पसरतोय का? शंका आलीच तर छोटा तुकडा काढून तपासायला जातो. ओठांवर आणि तोंडात लहानपणापासून ठिपके असतील तर पोटाचीही चौकशी होते. प्यूट्झ-जेगर्स नावाच्या आनुवंशिक आजारात आतड्यात गाठी वाढतात आणि ओठांवरचे ठिपके ही त्याची बाहेरून दिसणारी खूण असते. मग प्रश्न सुरू होतात: लिपस्टिक कोणती, गोळ्या कुठल्या, दिवसाला सिगारेटी किती. आमच्या मते या उपचारातला सर्वांत मोलाचा वेळ हाच. ‘आधी आणि नंतर’च्या जाहिरातींत नेमका तो कुठेच नसतो.

[लाल ठिपका. टक्... टक्... टक्...]

लाल ठिपका नुसता नेम धरायला. खरं काम या आवाजाबरोबर होतं.

१९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर चालवून दाखवला. त्याच दशकात लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी तो त्वचेवर वापरला. पुढे अडचण आली ती उष्णतेची. डागाबरोबर आजूबाजूची त्वचाही भाजायची. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात तोड सुचवली: ज्या रंगावर निशाणा आहे त्यालाच शोषता येईल असा प्रकाश निवडा आणि तो इतका थोडा वेळ द्या, की उष्णता शेजारी पसरायच्या आत संपेल. ज्योतीवरून बोट झर्रकन फिरवलं तर चटका बसत नाही, रेंगाळलं की बसतो, तसंच हे. साठवलेली ऊर्जा एका झटक्यात सोडणाऱ्या, म्हणजे क्यू-स्विच्ड लेझरचा एक ठोका काही नॅनोसेकंदांचा असतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात रंगाचा कण फुटतो. त्याचे तुकडे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी उचलून नेतात, काही खपलीबरोबर गळतात.

५३२ला मेलॅनिन पटकन शोषून घेतं, म्हणून ओठावरच्या उथळ डागाला तो चालतो, पण बेतानं. १०६४ जास्त खोल जातो आणि वरच्या थरात कमी शोषला जातो, म्हणून सावळ्या त्वचेवर त्याचा भरवसा अधिक.

[ओठ पांढरा पडतो.]

हे बघा. ठोका पडला तिथे ओठ पांढराफटक. डाग गेला म्हणून खूश होऊ नका. तापलेल्या कणांभोवती वायूचे बारीक बुडबुडे उठलेत, ते थोड्या वेळात विरतात. मग सूज, मग आठवडाभरात धरून पडणारी खपली. ती नखाने काढायची नाही. ओठांवर वरचेवर तापाचे फोड येत असतील तर विषाणूविरोधी गोळ्या आधीच सुरू करतात.

डाग परत येऊ शकतो, आधीपेक्षा गडदही होऊ शकतो, फार ठोके दिले तर पांढरे ठिपके उमटतात. वांगाला तर लेझर हा पहिला उपाय नव्हेच. आधी सनस्क्रीन आणि मलमं.

[डॉक्टर कागदावर लिहितात.]

पुढची बैठक काही आठवड्यांनी. तोवर उन्हापासून वाचवणारा, एसपीएफ असलेला लिप बाम, दिवसातून अनेकदा. बाधलेली लिपस्टिक बंद. आणि सिगारेट चालूच असेल, तर हे डॉक्टर पुढची तारीख देत नाहीत.