थरथर कुठून येते? शिवसागरातल्या लाँचची तपासणी

(दृश्य: बामणोलीचा काठ, सकाळ. ओळीनं बांधलेल्या लाँच. एक इंजिन सुरू होतं.)

कोयना धरण पाटण तालुक्यात, पण त्याचं पाणी जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांच्या आत खोलवर शिरलेलं आहे. या शिवसागर जलाशयाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याला जायचं तर लाँच, तापोळ्यात फिरायचं तर लाँच, आणि पलीकडच्या काठावरच्या वाडीतून बाजाराला यायचं तरीही लाँचच. बोटीच्या पोटात डिझेल इंजिन, त्याच्या मागं गिअरबॉक्स, त्याला कपलिंगच्या दोन चकत्यांनी जोडून तळातून बाहेर गेलेला शाफ्ट (फिरता दांडा) आणि टोकाला पंखा, अशी ज्यांची रचना आहे त्या बोटींबद्दल हे निवेदन आहे. मागं टांगायच्या इंजिनाचं दुखणं वेगळं असतं, ते इथं घेतलेलं नाही.

बोट थरथरायला लागली की पहिला संशय बुशवर येतो. पंख्याच्या पुढं ब्रॅकेटमध्ये बसवलेला रबरी बुश काढून बघितला तर तो झिजलेला सापडतोच. नवा बसतो, चार दिवस बरं वाटतं आणि हंगाम संपायच्या आत तीच थरथर परत येते. कारण बुश आपणहून झिजत नाही, त्याला कुणीतरी झिजवत असतं. शाफ्ट वाकलेला असेल, पंख्याचं एक पातं जड असेल किंवा इंजिन रेषेतून सरकलेलं असेल. ते शोधल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

(दृश्य: इंजिनाचं झाकण उघडलेलं. कपलिंगवर कॅमेरा स्थिर.)

सुरुवात फुकटच्या चाचणीनं करा. बोट काठाला घट्ट बांधा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि ज्या फेऱ्यांवर थरथर जाणवते तिथपर्यंत इंजिन हळूहळू चढवा. समजा मिनिटाला १८०० फेऱ्यांवर जाणवते. न्यूट्रलमध्येही ती तशीच राहिली तर दोष इंजिनात किंवा त्याच्या बैठकीत आहे. न्यूट्रलमध्ये गेली आणि गिअर टाकल्यावर आली, तर गिअरबॉक्सच्या मागं बघायचं. निम्मं काम इथंच होतं.

थरथर मोजायला मोबाइल पुरतो. कंपनं मोजणारं ॲप सुरू करून फोन इंजिनाच्या बेडवर, म्हणजे ते ज्या पायावर बसवलंय त्यावर, सपाट ठेवा. अशा ॲपला अनेकदा सेकंदाला शंभरेकच नोंदी मिळतात, म्हणून पन्नास हर्ट्झच्या वरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. खालचे आकडे कामाचे असतात. इंजिन १८०० फेऱ्यांवर आहे म्हणजे सेकंदाला ३० फेरे. गिअरबॉक्स दोनास एक असेल तर शाफ्ट ९०० वर, म्हणजे सेकंदाला १५. पंख्याला तीन पाती असतील तर पाण्याला सेकंदाला ४५ धक्के बसतात. १५ चा आकडा ठळक दिसला तर शाफ्ट किंवा पंख्याचा तोल बघा. ४५ चा दिसला तर पंखा आणि तळ यांच्यातलं अंतर बघा.

इथं एक फसगत आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मेला, तर त्याचा झटकाही दोन फेऱ्यांतून एकदा बसतो. म्हणजे १८०० फेऱ्यांवर पुन्हा तोच १५ चा आकडा. गिअरबॉक्स दोनास एक असला की शाफ्टचा दोष आणि इंजिनाचा दोष फोनवर अगदी सारखे दिसतात. त्यातून मेलेला सिलिंडर बिनओझ्याच्या इंजिनात कधी कधी लपून राहतो आणि गिअर टाकल्यावरच बोलतो. त्यामुळं शाफ्टला हात लावण्याआधी सिलिंडर तपासून मोकळं व्हा.

त्याची रीत जुनीच आहे. इंजिन मंद चालू ठेवा आणि इंजेक्टरकडे जाणाऱ्या प्रेशर पाइपचा नट एकेक करून अर्धा फेरा सैल करा. नट सैल केल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. नट परत आवळून मगच पुढच्याला हात घाला. सांध्यावर जाड फडकं टाका आणि उघडा हात फवाऱ्यासमोर कधीही आणू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती सरळ शस्त्रक्रियेची वेळ असते. मेलेला सिलिंडर सापडला तर इंजेक्टर काढायच्या आधी डिझेलच्या गाळणीखालचं पाणी सोडून बघा. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की तिच्यात पाणी धरतंच.

इंजिनाच्या बाजूची बाकीची कारणं थोडक्यात. इंजिनाखालच्या रबरी माउंटिंगवर डिझेल आणि ऑइल ठिबकून रबर फुगतं, मग दबतं. डाव्या-उजव्या माउंटिंगची उंची पट्टीनं मोजा. फरक दिसला तर एकच न बदलता जोडी बदला. बेड लाकडी असेल तर बोल्टच्या भोवती स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो मऊ जागेत घुसला तर तो बोल्ट कितीही आवळला तरी सैल होणार. आणि मंद फेऱ्यांवर गिअरबॉक्सच्या पुढून खडखड येऊन फेरे वाढले की ती थांबत असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या डँपर प्लेटच्या स्प्रिंगा तुटल्या असं समजा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

(दृश्य: मे महिना. ओसरलेलं पाणी, उघडे पडलेले जुने बांध आणि झाडांचे खुंट.)

आता पाण्याखालचं. एप्रिल-मेमध्ये शिवसागराची पातळी उतरली की बुडालेल्या शेतांचे बांध आणि झाडांचे खुंट पृष्ठभागाजवळ येतात. पावसाळ्याच्या तोंडाला ओढ्यांतून ओंडके वाहत येतात. मासेमारीची नायलॉनची जाळी तर बारमाही. एका फेरीत अचानक सुरू झालेली थरथर बहुधा यांच्यापैकीच एकाची असते. हळूहळू, महिन्या-दोन महिन्यांत वाढलेली असेल तर ती झिजेची किंवा रेष बिघडल्याची. लाँच चालवणाऱ्याला सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायचा.

पंख्याजवळ माणूस जाणार असेल तर इंजिन बंद, चावी काढलेली, बॅटरीची तार सोडलेली आणि वर दुसरा माणूस उभा. जाळं गुंडाळलेलं असेल तर ते शाफ्टच्या लांबीनं कापा. नायलॉन घर्षणानं वितळून बुशच्या तोंडाशी चिकटतं आणि पाण्याची वाट बंद करतं. या बुशला पाणी हेच वंगण. पाणी थांबलं की रबर जळतं, म्हणून कापल्यावर बुशच्या खाचा मोकळ्या झाल्या की नाही ते बघूनच बोट हलवा.

पंख्याची पाती तपासायला मोठी साधनं लागत नाहीत. सुकाणूला किंवा ब्रॅकेटला एक काडी बांधा, तिचं टोक पात्याच्या टोकाजवळ आणा आणि पंखा हातानं फिरवा. प्रत्येक पातं काडीपासून तेवढ्याच अंतरावरून गेलं पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर पंखा उतरवा. पातं हातोडीनं ठोकून सरळ करायचा मोह सगळ्यांनाच होतो. ठोकल्यावर ते डोळ्याला सरळ दिसतं, पण त्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात पाणी कापत पुढं सरकण्याचं माप, शेजारच्या पात्यापेक्षा वेगळी राहते आणि थरथर तशीच. हे काम पिच मोजायची सोय असलेल्या ठिकाणीच द्यावं. पाती सारखी झाली की पंखा नीट बसणाऱ्या दांड्यावर घेऊन, लेव्हल केलेल्या दोन धारदार पट्ट्यांवर ठेवा. जड पातं आपोआप खाली येतं. त्याची बोटीकडची बाजू थोडी थोडी, पसरून घासा. पाणी ढकलणाऱ्या बाजूला कानस लावू नका, पिच बिघडते.

पंखा परत चढवताना एक चूक नेहमीची. शाफ्टच्या निमुळत्या टोकावर पंखा आधी चावी (शाफ्ट आणि पंख्याच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा) न बसवता चढवून बघा आणि जिथं थांबतो तिथं खूण करा. मग चावी घालून चढवा. खुणेपर्यंत आला नाही तर चावी उंच आहे, पंखा तिच्यावर चढून तिरपा बसतोय. नव्या पंख्याचीही थरथर होते ती अशी. चावीची उंची घासून कमी करा. शेवटी नट आणि त्यात नवी स्प्लिट पिन. जुनी वाकवून परत घालू नका.

४५ चा आकडा ठळक आला होता तर पात्याचं टोक आणि तळ यांच्यातलं अंतर मोजा. पंख्याच्या व्यासाच्या निदान १५ टक्के हवं. १६ इंची पंख्याला साधारण ६० मिलिमीटर. इंजिन मोठं घेतलं म्हणून पंखाही मोठा लावला की ही मोकळीक संपते आणि प्रत्येक पातं तळावर पाण्याची थाप मारतं. अशा ठिकाणी व्यास कमी करून पिच वाढवावी किंवा चार पात्यांचा पंखा घ्यावा. तोल करून काही उपयोग नाही.

शाफ्ट वाकला आहे का हे मंद फेऱ्यांवरही कळतं. गिअर टाकून शाफ्ट हळू फिरू द्या आणि ग्लँडकडे, म्हणजे शाफ्ट बाहेर जातो तिथं आतल्या दोरीनं पाणी अडवणाऱ्या सांध्याकडे, बघा. ग्लँड शाफ्टबरोबर हलत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे. तोल गेलेला पंखा मंद फेऱ्यांवर गप्प असतो. फेरे दुप्पट झाले की त्याचा धक्का चौपट होतो. बोट बाहेर काढल्यावर डायल गेज लावून शाफ्ट एक फेरा फिरवा. पाच ते दहा शतांश मिलिमीटर, म्हणजे लेथवाल्यांच्या भाषेत दोन ते चार थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एवढं चालतं. त्याहून जास्त असेल तर शाफ्ट साताऱ्याच्या किंवा कराडच्या एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवर न्या. कपलिंग शाफ्टवर बसवूनच न्या, म्हणजे त्याचा चेहराही शाफ्टशी काटकोनात घेता येतो. बुशचं माप त्याच वेळी घ्या. एक इंची शाफ्टला बुशमध्ये दीड मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या सुताएवढा खेळ दिसला तर बुश बदला.

(दृश्य: फिलर गेजच्या पात्या, कपलिंगच्या फटीत.)

आता ज्याला सगळे टाळतात ते काम, इंजिन रेषेत घेणं. हे जमिनीवर करू नका. काठाच्या उतारावर टेकलेल्या बोटीचा तळ वेगळ्या आकारात बसतो, तरंगायला लागला की बदलतो. बोट फायबरची असो वा लोखंडी, पाण्यात किमान एक दिवस राहू द्या. टाकी भरलेली आणि नेहमीचं सामान जागेवर हवं.

कपलिंगच्या दोन्ही चकत्यांवर पंचनं खूण करून बोल्ट काढा. शाफ्ट थोडा मागं घ्या. तो सुटा झाला की स्वतःच्या वजनानं खाली लोंबतो आणि इथंच बहुतेकांचं माप चुकतं. ३० मिलिमीटरचा स्टीलचा शाफ्ट मीटरला साधारण साडेपाच किलो भरतो. ग्लँडपासून आत ६० सेंटिमीटर असेल तर तो भाग सव्वातीन किलोच्या आसपास. त्याचं निम्मं वजन अधिक कपलिंगचं पूर्ण वजन, एवढा ताण ताणकाट्यानं वर देऊन मग माप घ्यायचं. कपलिंग तीन किलोचं असेल तर ताण पावणेपाच किलोच्या जवळपास.

आधी उंची आणि आडवी जागा जुळवा. कपलिंगचा उंचवटा समोरच्या खाचेत जोर न लावता सरकला पाहिजे. मग चकत्या टेकवा आणि वर, खाली, डावीकडं, उजवीकडं अशा चार जागी फिलर गेज घाला. प्रमाण सोपं आहे, कपलिंगच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला एक थाऊ. चार इंची कपलिंगला समोरासमोरच्या फटींत चार थाऊ, म्हणजे एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

फट सापडली की लगेच माउंटिंगला पाना लावू नका. इंजिनाची चकती तशीच ठेवून फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि परत मोजा. मोठी फट वरच राहिली तर इंजिन रेषेत नाही. शाफ्टबरोबर ती खाली गेली तर शाफ्ट किंवा त्याचं कपलिंग वाकडं आहे, आणि इंजिन कितीही हलवलं तरी रेष येणार नाही. दिवस वाया घालवणारी चूक हीच.

इंजिन किती हलवायचं याचा हिशेब करता येतो. समजा कपलिंग १०० मिलिमीटरचं आहे, वरची फट खालच्यापेक्षा ०.३ मिलिमीटरनं मोठी आणि पुढच्या-मागच्या माउंटिंगमधलं अंतर ६०० मिलिमीटर. ०.३ गुणिले सहा, म्हणजे १.८. वरची फट मोठी असेल तर इंजिनाचं नाक खाली आहे. पुढची दोन्ही माउंटिंग १.८ मिलिमीटर वर घ्या. नाक उचललं की मागची चकती किंचित खाली जाते, त्यामुळं उंची परत जुळवावी लागते. दोन-तीन वेळा इकडून तिकडे करावं लागतं, त्याला इलाज नाही. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळतानाच इंजिन सरकतं. बोल्ट मूळ जातीचेच घाला आणि समोरासमोर आवळत न्या.

(दृश्य: लाँच पाण्यात, मधल्या वेगात. ग्लँडवर पडणारा थेंब.)

पहिल्या फेरीला प्रवासी नकोत. फेरे दोनशे दोनशेनं वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर ग्लँडला हाताची पाठ लावा, पण फिरत्या शाफ्टपासून बाही आणि ओढणी लांब ठेवा. ग्लँड कोमट चालेल, चटका नको. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडू द्या. गळती पूर्ण थांबवायला ग्लँड आवळला तर आतली दोरी शाफ्टवर खाच पाडते. एखाद्या ठरावीक पट्ट्यात, समजा ११०० ते १२५० फेऱ्यांत, थोडी थरथर उरली आणि त्याहून कमी किंवा जास्त फेऱ्यांवर नसेल, तर तळाची आणि इंजिनाची स्वतःची लय तिथं जुळते आहे. तो पट्टा पटकन ओलांडा, तिथं बोट चालवत ठेवू नका.

दहा तास बोट चालली की माउंटिंगचे लॉकनट, कपलिंगचे बोल्ट आणि कपलिंगमधली फट पुन्हा तपासा. नवं रबर या काळात बसतं आणि इंजिन थोडं खाली येतं.